नवीन टीम लीड झालात? एआयच्या जमान्यात ज्युनियरला कोचिंग कसं करायचं, अगदी पहिल्यापासून

कालपर्यंत स्वतःचं काम चोख करत होतात म्हणून कंपनीने आज तुमच्या हाताखाली सहा-आठ माणसं दिली, पण ती माणसं तयार कशी करायची हे कोणी सांगितलंच नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. हिंजवडीतली सपोर्ट टीम असो, चाकणचा शॉप फ्लोअर असो नाहीतर ठाण्यातलं एखादं बॅक ऑफिस, सगळीकडे एक गोष्ट नवीन झालीये. पोरं अडली की आधी तुमच्याकडे येत नाहीत, चॅटजीपीटी नाहीतर जेमिनीला विचारतात, आणि उत्तर बऱ्याचदा बरोबरही असतं. मग लीडने करायचं काय, असा प्रश्न मला नवीन झालेले लीड सारखे विचारतात.

माझं म्हणणं असं आहे की उत्तर आता फुकट मिळतंय, त्यामुळे उत्तर देणाऱ्या लीडची किंमत कमी होत जाणार. पण ज्युनियरला स्वतः विचार करायला लावणारा, निर्णय त्याचा त्याला घ्यायला लावणारा आणि तो निर्णय निभावेपर्यंत पाठीशी उभा राहणारा लीड आधीपेक्षा जास्त लागणार आहे. याचं तंत्र शिकता येतं, त्यासाठी फार हुशारी लागत नाही, सराव मात्र लागतो.

पायरी १ : आधी ठरवा, हे कोचिंगचं काम आहे का

नवीन लीड एखादं दोन दिवसांचं ट्रेनिंग करून येतात आणि मग प्रत्येक गोष्टीला "तुला काय वाटतं?" विचारत सुटतात. फ्रेशरला तिकीट (म्हणजे सिस्टिममध्ये नोंदलेली तक्रार) कसं क्लोज करायचं हेच माहीत नाहीये आणि तुम्ही त्याला तुझे पर्याय काय असं विचारताय, तर तो वैतागणारच. तिथे सरळ शिकवा, दहा मिनिटं शेजारी बसून करून दाखवा, ते ट्रेनिंग. तुमचा स्वतःचा अनुभव सांगून वाट दाखवता ते मेंटॉरिंग. आणि माणसाला काम येतंय, माहिती आहे, तरी गाडी कुठेतरी अडकलीये, तेव्हा त्याच्याकडूनच वाट काढून घ्यायची ते कोचिंग. चौथा प्रकार काउन्सेलिंगचा, तो आपला प्रांतच नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

एआयमुळे यातलं पहिलं काम बरंच हलकं झालंय. "एक्सेलमध्ये व्हीलुकअप का चालत नाहीये" हे आता तुम्हाला कोणी विचारणार नाही आणि विचारूही नये. दुसरं अर्धं-मुर्धं हलकं झालंय. तिसरं मात्र आहे तिथेच आहे, उलट अवघड झालंय, कारण ज्युनियर तुमच्यासमोर येतो तेव्हा त्याच्या हातात आधीच एक तयार, गुळगुळीत उत्तर असतं.

पायरी २ : थोडी थिअरी, कामापुरती

टिमोथी गॉलवे हा अमेरिकेतला टेनिस शिकवणारा माणूस. १९७४ मध्ये त्याने असं मांडलं की खेळाडूची खरी मॅच नेटपलीकडच्या माणसाशी कमी आणि स्वतःच्या डोक्यातल्या आवाजाशी जास्त असते. सारखं "मनगट असं ठेव, गुडघा वाकव" म्हणत राहिलं की तो आखडतो. त्याऐवजी गॉलवे सांगायचा की चेंडू टप्पा घेईल तेव्हा "टप्पा" म्हण आणि रॅकेटला लागेल तेव्हा "हिट" म्हण, बस. लक्ष चेंडूवर गेलं की बाकीचं शरीर आपोआप सांभाळून घेतं. त्याचा हिशेब साधा होता, माणसाची क्षमता वजा आतला अडथळा म्हणजे प्रत्यक्ष कामगिरी. लीडने क्षमता ओतायची नसते, अडथळा कमी करायचा असतो, हे माझ्या मते कोचिंगचं मूळ आहे.

हा विचार ब्रिटनमधल्या ऑफिसात नेला जॉन व्हिटमोरने, जो आधी रेसिंग ड्रायव्हर होता आणि १९६५ ची युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकलेला. तो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मिळून जे ग्रो मॉडेल तयार केलं ते १९९२ नंतर जगभर पसरलं. चार टप्पे आहेत त्यात. काय साधायचंय, आत्ता परिस्थिती काय आहे, काय काय करता येईल, आणि यातलं नक्की काय करणार, कधी करणार. एवढंच. कागदावर सोपं वाटतं, प्रत्यक्षात लोक दुसऱ्या टप्प्यावर टिकतच नाहीत, लगेच तिसऱ्यावर उडी मारतात.

आता तिसरं नाव, कार्ल रॉजर्स. हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की समोरच्याला न जोखता, मनापासून आणि प्रामाणिकपणे ऐकलं तर माणूस आपला आपण बदलायला लागतो. १९५७ मध्ये त्याने या अटी नेमक्या मांडल्या. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउमने रॉजर्सच्या पद्धतीची नक्कल करणारा एक कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिला, नाव एलायझा, साल १९६६. त्याला काही म्हणजे काही समजत नव्हतं. तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, आईचं नाव काढलं की घरच्यांबद्दल अजून सांगा म्हणायचा. तरी वायझेनबाउमची सेक्रेटरी, जिने तो प्रोग्राम तयार होताना बघितला होता, ती त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात वायझेनबाउमलाच म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का.

ही गोष्ट मी प्रत्येक नवीन लीडला सांगते. कारण तुमचा ज्युनियर रात्री अकरा वाजता चॅटबॉटशी मनातलं बोलत असेल आणि त्याला बरं वाटत असेल तर त्यात हसण्यासारखं काहीच नाहीये. न जोखणारा कान माणसाला हवाच असतो, ऑफिसात तो मिळत नाही म्हणून तो तिकडे जातो. पण चॅटबॉट तुमच्या ज्युनियरसाठी दुसऱ्या टीमच्या लीडकडे जाऊन बोलू शकत नाही, त्याची रजा मंजूर करू शकत नाही, काम फसलं तर क्लायंटसमोर उभा राहू शकत नाही. ते तुम्ही करू शकता.

शेवटची जोडी, एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ. यांचं म्हणणं, माणसाला मनापासून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात, हे माझ्या मर्जीने करतोय असं वाटणं, मला हे जमतंय असं वाटणं, आणि आपली म्हणावी अशी माणसं आजूबाजूला असणं. एआय आल्यावर या तिन्हींचं काय होतं ते आपल्या टीमकडे बघून तपासा. काम भराभर संपतंय पण पोरगा म्हणतोय "ते एआयनेच केलं, मी काय केलं त्यात", म्हणजे जमतंय ही भावना गेली. आधी अडलं की शेजारच्याला विचारायचा, त्यातून चहा व्हायचा, ओळख व्हायची, आता हेडफोन लावून स्क्रीनला विचारतो, म्हणजे माणसं गेली. आउटपुटचा आकडा वर जातोय म्हणून मॅनेजर खूश, आणि वर्षभरात पोरगा राजीनामा टाकतो. हे लीडलाच दिसू शकतं, डॅशबोर्डवर दिसत नाही.

पायरी ३ : एआय कोच खरंच चालतो का, हे एकदा समजून घ्या

चालतो. मोडीत काढू नका. एरिक ब्रिन्यॉल्फसन हा अर्थशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ५,००० हून जास्त कस्टमर सपोर्ट एजंटांचा अभ्यास मांडला, बहुतेक जण फिलिपिन्समधले. चॅट चालू असताना एआय त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचवायचा. सरासरी उत्पादकता साधारण १४ टक्के वाढली, पण नवख्या आणि कच्च्या एजंटांची जवळपास एक तृतीयांश वाढली, जुन्या मुरलेल्यांना मात्र फारसा फरक पडला नाही. कारण सोपं आहे, मशीन शिकलं होतं त्या मुरलेल्यांच्याच चॅटवरून, म्हणजे त्यांचं शहाणपण नवीन पोरांना वाटलं जात होतं.

पण दुसरीकडे बघा. २०२१ मध्ये चीनमधल्या फिनटेक कंपन्यांच्या सेल्स एजंटांवरचा अभ्यास आला, तिथे एआय कोच कॉल ऐकून सुधारणा सांगायचा. सगळ्यात जास्त फायदा झाला मधल्या लोकांना. तळाच्यांवर सूचनांचा इतका मारा झाला की ते गोंधळले, आणि वरच्यांना मशीनने आपल्याला शिकवावं हेच पटेना. मग तळाच्यांना द्यायच्या सूचना कमी केल्या तेव्हा त्यांचं सुधारलं, आणि एआय व माणूस दोघं मिळून कोचिंग करत होते तिथे निकाल सगळ्यात चांगला आला, कारण एआयने काढलेला मुद्दा माणूस समोरच्याला झेपेल असा सांगत होता. तुमची जागा नेमकी इथे आहे.

आणखी एक, दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की ठरवलेलं ध्येय गाठण्यापुरतं बघितलं तर साधा, नियमांवर चालणारा चॅटबॉट माणूस कोचच्या बरोबरीने उपयोगी पडला. तेव्हा ध्येय लिहून घेणं, दर आठवड्याला आठवण करणं, कुठपर्यंत आलं विचारणं, ही रुटीन कामं खुशाल मशीनला द्या. त्यातून वाचलेला अर्धा तास माणसासाठी वापरा म्हणजे झालं.

पायरी ४ : वन-ऑन-वनची तयारी, आणि काय कुठे पेस्ट करायचं नाही

वन-ऑन-वन म्हणजे फक्त तुम्ही आणि तो ज्युनियर, दोघांचंच बोलणं. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास, प्रत्येकासाठी वेगळा, कॅलेंडरवर ब्लॉक. मीटिंग रूम नसेल तर कँटीनचा कोपरा चालेल, फक्त दार उघडं असलेल्या मॅनेजरच्या केबिनसमोर नको.

तयारीला एआय चांगला आहे. तुमच्या मागच्या नोंदींवरून तीन प्रश्न काढून दे म्हणा, देतो. पण इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते, ज्युनियरचं नाव, त्याचं अप्रेझल, त्याने घरच्या अडचणीबद्दल तुम्हाला सांगितलेलं, क्लायंटचं नाव, कोड, यातलं काहीही बाहेरच्या फुकटच्या टूलमध्ये टाकायचं नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनियर लोकांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला असली टूल्स बंद करावी लागली, हे सगळ्या जगाने वाचलं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने तर कामाच्या ठिकाणी मशीनने कर्मचाऱ्याच्या भावना ओळखणं फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं सोडली तर, बंदच केलंय, तेव्हा तिकडे तुमचे सहकारी असतील तर हेही डोक्यात ठेवा. पण कायदा राहू दे बाजूला, पोराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुम्ही कुठेतरी पेस्ट केलीत हे त्याला कळलं तर तो परत कधीच तोंड उघडणार नाही. कंपनीने मंजूर केलेलं टूल असेल तर तेच वापरा आणि तिथेही "एक सपोर्ट इंजिनियर, दोन वर्षं अनुभव" एवढंच लिहा.

मीटिंग रेकॉर्ड करून आपोआप नोट्स काढणारे बॉट आलेत, ते वन-ऑन-वनमध्ये बंद ठेवा. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसत असताना कोण सांगणार आहे की मला तुमचीच भीती वाटते म्हणून.

पायरी ५ : प्रत्यक्ष बोलणं

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल. एका सपोर्ट टीममधलं बोलणं कसं जातं बघा. (एस्कलेशन म्हणजे क्लायंटने वरच्यांकडे नेलेली तक्रार, आणि डेव्ह टीम म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारी डेव्हलपर मंडळी.)

लीड : या आठवड्यात काय अडकलंय?

ज्युनियर : त्या क्लायंटचं परत एस्कलेशन आलं. मी तर मेल एआयकडून लिहून घेतला होता, इंग्लिश एकदम परफेक्ट होतं.

लीड : बरं. त्या क्लायंटला तुझ्या मेलमधून काय हवं होतं?

ज्युनियर : अपडेट.

लीड : कसला?

(इथे ज्युनियर गप्प. लीडपण गप्प. पाच-सात सेकंद जातात.)

ज्युनियर : कधी फिक्स होणार ते. ते मी लिहिलंच नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. डेव्ह टीमला विचारायला कसंतरी होतं, मागच्या वेळी ग्रुपवर सगळ्यांसमोर उडवून लावलं होतं मला.

लीड : अच्छा. म्हणजे मेलचा प्रश्नच नाहीये.

ज्युनियर : नाही. तारीख काढून घेण्याचा आहे.

बघा काय झालं. हा पोरगा चॅटबॉटकडे गेला असता तर त्याने "माझा मेल सुधारून दे" म्हटलं असतं आणि बॉटने मेल आणखी सुंदर करून दिला असता. बॉट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि इथे प्रश्नच चुकीचा होता. खरा प्रश्न त्या पाच-सात सेकंदांच्या शांततेत वर आला. ती शांतता नवीन लीडला सहन होत नाही, तो लगेच म्हणतो "अरे पुढच्या वेळी ईटीए (कधी होईल ती अंदाजे वेळ) टाकत जा ना". उत्तर बरोबर आहे, पण डेव्ह टीमची भीती तशीच आत राहिली आणि पुढच्या मेलमध्ये पोरगा अंदाजपंचे तारीख ठोकून देणार.

पुढे काय काय करता येईल हे त्याच्याकडूनच काढा. पहिला पर्याय नेहमी थातुरमातुर असतो, "बघतो, विचारतो" वगैरे. अजून काय, अजून काय, असं दोनदा विचारा, तिसरा पर्याय सहसा कामाचा निघतो. पर्याय संपलेच तर मग म्हणा, "आता एआयला विचारून अजून दोन घे आणि आपल्या यादीशेजारी ठेव." हा क्रम उलटा करू नका.

एक सांभाळा. आपल्या ऑफिसात वरच्याने "हे का केलं?" विचारलं की खालच्याला ती चौकशी वाटते, आता लेखी उत्तर मागणार की काय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, मग तो बचाव सुरू करतो. म्हणून "का"ने सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळा. "तेव्हा तुझ्यासमोर काय काय होतं?", "ते कसं ठरवलंस?" असं विचारलं की तोच माणूस मोकळा बोलतो.

शॉप फ्लोअरवर अजून वेगळं. तुम्ही सव्वीस वर्षांचे डिप्लोमा इंजिनियर आणि समोर बावीस वर्षं त्याच मशीनवर काढलेले काका. त्यांना "तुमचं गोल काय?" विचाराल तर ते मान डोलावतील आणि मनात काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. तिथे जागेवर जा, मशीनजवळ उभे राहा आणि विचारा, "काका, या आठवड्यात रिजेक्शन वाढलंय, नवीन सिस्टिम म्हणते टूल बदला, तुमच्या हाताला काय जाणवतंय?" टूलची झीज कधी होणार हे सांगणारा सेन्सर आलाय खरा, पण आवाज बदलला हे काकांना आधी कळतं. त्यांचं म्हणणं लिहून घ्या, सिस्टिमच्या आकड्याशेजारी ठेवा आणि काय निघालं ते त्यांना परत येऊन सांगा. परत येऊन सांगणं विसरलात तर पुढच्या वेळी "तुम्ही म्हणाल तसं साहेब" एवढंच उत्तर मिळेल.

पायरी ६ : फीडबॅक देताना हात आखडता

फीडबॅक दिला की माणूस सुधारतो असं आपण धरून चालतो. १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून ६०७ परिणाम तपासले, सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरली होती. त्यांचं म्हणणं असं की बोलणं कामावरून सरकून माणसाच्या "मी कसा आहे" यावर गेलं की नुकसान व्हायला लागतं.

आता कॉल सेंटरमध्ये प्रत्येक कॉलला मशीन स्कोर देतं. टोन इतका, सहानुभूती इतकी, मध्ये बोललात इतक्या वेळा. दिवसाला साठ कॉल, म्हणजे साठ गुणपत्रिका. पोरगी संध्याकाळी घरी जाताना "मी सहानुभूतीत नापास" एवढंच घेऊन जाते. लीड म्हणून तुमचं काम त्या ढिगातून एकच गोष्ट उचलायची. एक कॉल तिच्यासोबत बसून ऐका, एकच जागा थांबवा, "इथे कस्टमरने वडील गेल्याचं सांगितलं आणि आपण लगेच पॉलिसी नंबर विचारला, इथे काय म्हणता आलं असतं?" बस. पुढचे पंधरा दिवस फक्त तेवढंच बघा. बाकीचे बारा आकडे तुमच्याकडे ठेवा, तिच्यापर्यंत नेऊच नका.

आणि फीडबॅक एआयने काढलाय तर तसं सांगा. लपवलं आणि नंतर कळलं तर तुमच्या प्रत्येक शब्दावर शंका येते. "सिस्टिमने हे दाखवलं, मी स्वतः कॉल ऐकला, मला हे पटतंय, हे नाही पटत" असं बोललात की मशीनचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं वेगळं राहतं.

पायरी ७ : ज्युनियरने एआय कसा वापरायचा, हे पण कोचिंगच

तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर प्रयोग झाला, गणिताचा. ज्यांना साधा चॅटबॉट दिला त्यांचा सराव ४८ टक्क्यांनी चांगला झाला, पण नंतर बॉट काढून परीक्षा घेतली तर ज्यांच्याकडे तो नव्हताच त्यांच्यापेक्षा त्यांना १७ टक्के कमी मिळाले. दुसऱ्या गटाला असा बॉट दिला की जो सरळ उत्तर न देता इशारे द्यायचा, तिथे हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. शाळेतली गोष्ट आहे, पण फ्रेशरच्या पहिल्या दोन वर्षांत वेगळं काही होत नाही, म्हणून टीममध्ये एक साधा नियम करा. शिकायच्या कामात आधी स्वतःच्या चार ओळी, मग एआय. मेल असेल तर मुद्दे स्वतःचे, बग असेल तर कारणाचा अंदाज स्वतःचा, मग मशीनकडे. रोजच्या घासून गुळगुळीत झालेल्या कामात खुशाल सरळ वापरा, तिथे शिकण्यासारखं काही उरलेलं नाही.

वन-ऑन-वनमध्ये विचारा, "एआयने सांगितलेलं या आठवड्यात काय नाकारलंस?" काहीच नाकारलं नसेल तर तिथे बसून बोलायची गरज आहे. कारण ही टूल्स गोड बोलतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं होतं, ते लोकांची नको तितकी हांजी हांजी करायला लागलं होतं म्हणून. तुमच्या ज्युनियरला "माझ्या मॅनेजरचं चुकतंय ना?" असं विचारल्यावर हो म्हणणारा सोबती चोवीस तास खिशात आहे, तेव्हा दुसरी बाजू दाखवणारं कोणीतरी माणूस लागतंच.

पायरी ८ : अवघड बोलण्याची तालीम

इथे मात्र एआय मला मनापासून आवडतो. नवीन लीडला सगळ्यात जास्त घाम फुटतो तो मित्रालाच "काम नीट होत नाहीये" सांगताना, कालपर्यंत एकाच डब्यात जेवलेले असतात दोघं. त्याची तालीम आधी कुणासमोर करणार? तर हे असं टाका :

"तू माझ्या टीममधला अनुभवी सहकारी आहेस, वय तीस, कामात हुशार, पण दोन महिन्यांपासून डेडलाइन चुकतायत. आपण आधी एकाच लेव्हलला होतो, आता मी लीड झालोय आणि तुला ते टोचतंय. मी तुझ्याशी डेडलाइनबद्दल बोलणार आहे. लगेच मान्य करू नकोस, विषय बदल, जुनी मैत्री काढ, चिड. मराठीत बोल, मध्ये मध्ये इंग्लिश चालेल. मी 'थांब' म्हटलं की भूमिका सोड आणि मी कुठे उत्तर सुचवलं, कुठे बचाव केला आणि कुठे ऐकलं नाही ते तीन ओळींत सांग. कौतुक नको."

शेवटचे दोन शब्द विसरू नका, नाहीतर "वा, फार छान संवाद साधलात" वरच गाडी अडेल. दोन-तीन वेळा करा, चौथ्यांदा करू नका, कारण मग पाठ केल्यासारखं बोलाल आणि समोरचा खरा मित्र स्क्रिप्टप्रमाणे बोलणार नाहीये.

पायरी ९ : कुठे थांबायचं

झोप लागत नाही, जगण्यात अर्थ नाही, सारखं रडू येतं असं काही ऐकू आलं तर कोचिंग तिथेच थांबवा. प्रश्न विचारून मार्ग काढायची ही जागा नव्हे. शांतपणे ऐकून घ्या, कंपनीत समुपदेशक असेल तर त्याच्याकडे न्या, नाहीतर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. चॅटबॉटशी बोल असं सांगून मोकळं होऊ नका. जिवाला धोका वाटला तर एकटं सोडू नका.

छेडछाड, लैंगिक त्रासाबद्दल कोणी बोललं तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीची अंतर्गत समिती आहे, तिथपर्यंत तिला सोबत करा, आपण मध्येच मांडवली करायला जाऊ नका. आणि नोकरी जाणार आहे हे वर ठरलेलंच असेल तर "तुझे पर्याय काय" असं कोचिंगचं नाटक करू नका, सरळ सांगा. तो अपमान माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

पायरी १० : पाठपुरावा

"प्रयत्न करीन" हे उत्तर घेऊ नका. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की "असं झालं तर मी तसं करीन" या साच्यात ठरवलं की गोष्ट प्रत्यक्षात होण्याची शक्यता चांगलीच वाढते. तर त्या सपोर्टवाल्या पोराचं वाक्य असं झालं, "दुपारी तीनपर्यंत डेव्ह टीमकडून तारीख आली नाही तर मी ग्रुपवर न टाकता त्यांच्या लीडला फोन करीन." आणि लीडने स्वतःच्या वहीत लिहिलं, "त्यांच्या लीडशी आजच बोलून ठेवायचं की हा फोन करेल, नीट बोला." हे दुसरं वाक्य कुठलंही टूल तुम्हाला लिहून देणार नाही, कारण टूलला तो लीड माहीत नाही.

आठवण करून द्यायचं काम बॉटला द्या, कॅलेंडरला द्या. पण "काय झालं त्या फोनचं?" हे तुम्ही स्वतः विचारा, जाता-येता, लिफ्टमध्ये, अर्धं मिनिट.

दोन महिन्यांनी एकच गोष्ट तपासा. तोच माणूस तोच प्रश्न घेऊन परत येतोय का नवीन प्रश्न घेऊन येतोय. तोच येत असेल तर तुम्ही अजून उत्तरंच देताय, पायरी ५ वर परत जा. आणि प्रत्येकाला विचारा की माझ्या बोलण्यातलं काय कामाला आलं आणि मी काय बंद करू. पहिल्यांदा "सगळं छान आहे" म्हणतील. पुढच्या पंधरवड्यात परत विचारा, आणि त्यांनी जे एक सांगितलं ते त्याच आठवड्यात बंद करून दाखवा.